परदेशातील आपले डॉक्टर : मान आणि मान्यता

आपल्या ज्ञातीतील मुलगा अथवा मुलगी वैद्यकीय पदवी संपादून विलायतेस निघाली, की घरी पेढे वाटले जातात, संमेलनात हारतुरे होतात. आणि ते उचितच आहे. परंतु त्या पदवीस समुद्रापलीकडे किती मोल मिळते, हे निरोपाच्या वेळी सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नास शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो तरुण वाचकांस ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हा अल्प प्रयत्न.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांना मान्यता दिली, ती मात्र १८९२ साली. १९३० साली हीच मान्यता काढून घेण्यात आली. आपल्याकडील प्रसूतिशास्त्राचे शिक्षण अपुरे आहे, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप. आपल्या विद्येचा तराजू सर्वस्वी परक्याच्या हाती असल्यास काय होते, हे त्या प्रसंगी सर्वांना उमजले. त्यानंतर १९३३ च्या कायद्यान्वये भारताची स्वतःची मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि पुढे ब्रिटनमधील मान्यताही परत मिळाली.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. रुग्णांना उपचार विनामूल्य झाले, पण डॉक्टर पुरेनात. तेव्हा भारत व पाकिस्तानातील शेकडो तरुण डॉक्टर तेथे गेले. त्यांच्या वाट्यास बहुधा स्थानिक डॉक्टरांना नकोशी असलेली कामे आली : वृद्धांचे व मनोरुग्णांचे वॉर्ड, कारखान्यांच्या गावांतील दवाखाने, वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्या. शल्यविशारद होण्याची आकांक्षा धरून गेलेल्या कित्येकांनी तेथेच आयुष्य वेचले आणि त्या गोरगरीब वस्त्यांचे ते घरचे डॉक्टर झाले.

तथापि १९७५ साली भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली. परदेशी डॉक्टरांसाठी भाषा व वैद्यकज्ञान यांची परीक्षा त्याच वर्षी सुरू झाली. पुढे ती ‘प्लॅब’ या नावाने प्रसिद्ध झाली. रुग्णाच्या जिवाशी गाठ असता परीक्षा घेणे गैर नव्हे, असे शिक्षक या नात्याने मी म्हणेन. पण परीक्षेने उघडावयाचे दार अन्य कारणाने बंद राहत असेल, तर त्यास न्याय कसे म्हणावे?

या शंकेस पुरावा मिळाला तो १९९३ साली. अनीझ इस्माईल व सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी रुग्णालयांकडे काल्पनिक अर्ज धाडले. अर्जदारांचे शिक्षण सारखेच आणि तेही ब्रिटनमधीलच. भेद एवढाच, की काही नावे इंग्रजी व काही आशियाई. मुलाखतीच्या यादीत निवड होण्याची शक्यता इंग्रजी नावांना दुप्पट असल्याचे आढळले. म्हणजे पदवी विलायती असूनही नाव आडवे येत होते.

२००६ साली प्रशिक्षणाच्या जागांसंबंधीचे नियम अकस्मात बदलले आणि तेथे पोहोचलेले हजारो तरुण डॉक्टर संकटात सापडले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना न्यायालयात गेली. अखेर २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने परदेशी डॉक्टरांना मागे सारणारी सरकारी सूचना बेकायदा ठरविली. एकेकट्याने केलेल्या तक्रारीने जे साधले नसते, ते संघटित प्रयत्नाने साधले.

या इतिहासापासून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही, की परदेशी जाणाऱ्याने नोंदणीचे नियम, परीक्षेचा खर्च आणि नोकरीची शाश्वती यांची पक्की चौकशी केल्यावाचून कर्ज काढू नये. दुसरी ही, की आपल्या संस्थेने परदेशस्थ ज्ञातिबांधव डॉक्टरांची एक यादी करावी, म्हणजे नव्याने जाणाऱ्यास अनुभवी माणसाचा सल्ला मिळेल. हारतुरे एका दिवसात सुकतात. वेळेवर मिळालेला सल्ला जन्मभर पुरतो. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.