गाम्बारे : एका जपानी हाकेचा इतिहास

‘गाम्बारे’ ही जपानी भाषेतली हाक ऐन मोक्याच्या क्षणी समोरच्याने हातपाय गाळू नयेत म्हणून दिली जाते. जोर लाव, दम धर, हिंमत सोडू नकोस, हे सगळे तिच्यात येते. परीक्षेला निघालेल्या मुलाला आणि शेवटच्या वळणावरच्या धावपटूला जपानी माणूस हेच ओरडून सांगतो. नशिबाला तिच्यात जागा नाही, सगळा भार प्रयत्नावर आहे.

मूळ क्रियापद ‘गाम्बारु’. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. एकाप्रमाणे ते डोळे ताणून पहारा देण्यावरून आले, तर दुसऱ्याप्रमाणे आपलाच हेका ताणून धरण्यावरून. एदो काळात (1603–1868) नजर ठेवणे आणि ठाण मांडून जागचे न हलणे, या दोन्ही अर्थांनी ते वापरात होते. आज ते ज्या चिन्हांनी लिहितात, त्यांतल्या पहिल्याचा अर्थ ‘हट्टी’ असा आहे. म्हणजे जो आडमुठेपणा एकेकाळी फारसा कौतुकाचा नव्हता, तोच आधुनिक जपानमध्ये चिकाटी म्हणून गौरवाला चढला.

या हाकेला देशभर अमर केले ते 1936च्या बर्लिन ऑलिंपिकने. वाकायामा प्रांतातल्या हाशिमोतोची हिदेको माएहाता 1932 साली लॉस एंजलिसमध्ये 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अवघ्या एक दशांश सेकंदाने दुसरी आली होती. मायदेशी परतल्यावर अभिनंदनाबरोबरच, सुवर्ण का आणले नाही, असेही तिला ऐकावे लागले. आई-वडील दोघेही आदल्याच वर्षी गेले होते आणि पोहणे सोडण्याचा विचार तिच्या मनात होता. तरीही ती पुढची चार वर्षे पाण्यात राहिली.

11 ऑगस्टला अंतिम शर्यत झाली, तेव्हा जपानमध्ये मध्यरात्र होत आली होती. प्रक्षेपणाची वेळ संपत आल्याने निवेदक कासाई सान्सेई यांनी श्रोत्यांना, रेडिओ बंद करू नका, अशी विनवणी केली. जर्मनीची मार्था गेनेंगर शेजारीच झुंजत होती. अखेरच्या टप्प्यात कासाईंचे वर्णन थांबले आणि ‘माएहाता, गाम्बारे!’ एवढेच उरले, तेही वीसहून अधिक वेळा. मग ‘जिंकली, जिंकली’चा धोशा. माएहाताची वेळ होती 3 मिनिटे 3.6 सेकंद, गेनेंगरपेक्षा 0.6 सेकंद कमी. जपानी महिलेने मिळवलेले हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. निवेदकाने तटस्थ राहावे हा नियम त्या रात्री मोडला खरा, पण काय चालले आहे हे श्रोत्यांना कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त कळले.

रोजच्या बोलण्यात या शब्दाची रूपे नात्याप्रमाणे बदलतात. ‘गाम्बारे’ मैदानात शोभते. मित्रमैत्रिणींत ‘गाम्बात्ते’ म्हणतात, अनोळखी माणसाला त्यापुढे ‘कुदासाई’ जोडून. वरिष्ठांना मात्र ते म्हणणे उद्धटपणाचे वाटू शकते, कारण ते अजून कमी पडत आहेत असा त्यातून अर्थ निघतो. उत्तर ठरलेले असते : ‘गाम्बारिमासु’, मी कसून करीन. ईशान्येकडच्या त्सुगारुत याच हाकेला ‘केप्पारे’ म्हणतात, तर दक्षिणेकडच्या कागोशिमात ‘किबारे’.

‘गाम्बारो’ या रूपात बोलणारा स्वतःलाही सामील करून घेतो. कामगारांच्या सभांत मुठी उंचावून हीच घोषणा होते. जानेवारी 1995च्या भूकंपाने कोबे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथल्या ऑरिक्स ब्लूवेव्ह या बेसबॉल संघाने ‘गाम्बारो कोबे’ हे शब्द गणवेशाच्या बाहीवर लावले आणि त्याच वर्षी पॅसिफिक लीग जिंकली. 2011च्या त्सुनामीनंतर हेच शब्द देशाच्या नावाने लिहिले गेले.

पण जो आधीच जिवाच्या आकांताने तग धरून आहे, त्याच्यावर हीच हाक ओझे होते. नैराश्याच्या रुग्णाला ‘गाम्बारे’ म्हणू नये, असे जपानमध्ये आवर्जून सांगितले जाते. नागानो प्रांतातले डॉक्टर मिनोरु कामाता यांच्या 2000 साली आलेल्या पुस्तकाचे नावच ‘गाम्बारानाई’, म्हणजे ‘नेट लावायचा नाही’, असे होते, आणि ते खूप वाचले गेले. अशा वेळी ‘मुरी शिनाइदे’, म्हणजे झेपेल तेवढेच कर, असे म्हणतात, किंवा ‘गाम्बात्तेरु ने’, तू करतोच आहेस.