मारलवाईची गोंडी शाळा

निजामी राजवटींत परभणीच्या सुशिक्षित मराठी घरांतून एक तक्रार नित्य ऐकूं येत असे. मूल घरीं मराठी बोले, पण वरच्या इयत्तांत पाऊल टाकतांच गणित, भूगोल, इतिहास हे सारे विषय त्याला उर्दूंतून शिकावे लागत. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचीहि उर्दूच. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलणारी असतां हा अन्याय होता, यांत संशय नाहीं. मात्र त्याच संस्थानांत, पूर्वेस नांदेडच्याहि पलीकडे, असा एक समाज होता कीं ज्याच्या मुलाला उर्दू तर परकी होतीच, पण मराठीहि परकीच होती. तो समाज म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यांतील राजगोंड.

गोंडाविषयीं शहरी माणसाची समजूत ठरलेली होती. तो रानटी, त्याला इतिहास नाहीं, आणि त्याची बोली म्हणजे मराठी-तेलुगूची मोडतोड. तिन्ही गोष्टी खोट्या. चांद्यास १७५१ पर्यंत गोंड राजे राज्य करीत होते. त्या शहराचा तट आजहि पाहावयास मिळतो. गोंडी ही द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा आहे. आणि इतिहास म्हणाल, तर तो परधानांच्या मुखीं होता. परधान हे गोंडांचे भाट. किकरी नांवाचें तंतुवाद्य वाजवीत ते कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गात. कोणतें कूळ चार देवांचें, कोणतें पांच, सहा वा सात देवांचें, हें त्या कथांत सांगितलेलें असे. सोयरीक कोठें जुळेल आणि कोठें जुळणार नाहीं, हेंहि त्यावरूनच ठरे. गोंडाच्या पोराला हें सर्व ऐकून ऐकून ठाऊक होई. शाळेच्या परीक्षेंत मात्र त्याला एकहि गुण नव्हता.

जंगलें राखीव झालीं, वहिवाटीचीं शेतें पट्टा नाहीं म्हणून बाहेरून आलेल्यांच्या हातीं गेलीं, आणि १९४० सालीं कुमराम भीम याच्या नेतृत्वाखालीं जोडेघाटच्या डोंगरांत गोंडांनीं उठाव केला. पोलिसांच्या गोळीबारांत भीम मारला गेला. सरकारला जाग आली ती त्यानंतर, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे महायुद्धामुळें हैदराबाद संस्थानांत अडकून पडले होते. गोंडांची स्थिति पाहण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि पत्नीसह त्यांनीं मारलवाई या खेड्यांत मुक्काम ठोकला.

१९४३ सालीं मारलवाईस शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. अडचण अशी कीं, शिकलेला गोंड जवळजवळ नव्हताच. थोडेंसें मराठी लिहितां-वाचतां येणारे जे मोजके गोंड तरुण सांपडले, त्यांनाच घडवून गुरुजी केलें. बाहेरचा अनुभवी मास्तर आणला असता तर काम कदाचित् लवकर झालें असतें. पण मुलांनीं आधीं आपली बोली सोडावी, अशीच त्याची अपेक्षा असती. गोंडीची स्वतंत्र लिपि प्रचारांत नव्हती, म्हणून देवनागरी घेतली आणि तींत क्रमिक पुस्तकें तयार केलीं. त्यांतले विषय गोंडांच्या गांवांतले, कथा गोंडांच्याच. अक्षरांशीं ओळख झाली कीं तींच अक्षरें पुढें मराठीला उपयोगी पडत, आणि उर्दू त्यामागून येई. छापील अक्षराचा दरारा मुलांच्या मनावर किती असतो, हें कोणीहि शिक्षक सांगेल. रात्रीं परधानाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी ज्या भाषेंत, तीच भाषा दिवसां पुस्तकांत छापलेली पाहावयास मिळणें, हें भाग्य त्या मुलांच्या बापांना लाभलें नव्हतें.

या मुलुखांत मराठवाड्याच्याहि एका सुपुत्रानें काम केलें. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी म्हणून आदिलाबादेस गेले, आणि गोंडी व कोलामी या भाषा शिकून दोहोंचीं व्याकरणें त्यांनीं लिहिलीं. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्याचा हा भाग फारसा लक्षांत ठेवीत नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

१९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली. परभणी मुंबई राज्यांत आली, किनवट तालुका आदिलाबादेंतून निघून नांदेडला जोडला गेला, मारलवाई आंध्र प्रदेशांत राहिली. तेथील शाळांत तेलुगू आली आणि गोंडी पुस्तकें मागें पडलीं. नृत्य मात्र मागें पडलें नाहीं. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे मोठे टोप घालून गांवोगांव नाचत जाण्याची गुसाडीची चाल टिकून राहिली. मारलवाईच्याच कनक राजू यांनीं ती पुढच्या पोरांना शिकविली. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ सालीं ते वारले.

पण या मोरपिसांनींच दुसरा घोटाळा केला आहे. आदिवासी म्हणजे पिसें आणि ढोल, अशी शहरांतील आतांची समजूत. जुन्या परभणी जिल्ह्याच्या कळमनुरी भागांत (१९९९ पासून तो हिंगोली जिल्ह्यांत मोडतो) आंध ही जमात शेतीवर राहते आणि मराठी बोलते. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत तिच्या वरताटी व खालताटी अशा दोन शाखा नोंदविल्या, आणि नांवाचा संबंध प्राचीन आंध्र राजकुळाशीं जोडला. तो अर्थात् तर्कच. १९५० सालच्या अनुसूचींत हैदराबाद राज्यासाठीं या जमातीचें नांव आलें. तरीहि आंधाच्या मुलानें शहरांतील वर्गांत आपली जमात सांगितली, तर "तूं तसा दिसत नाहींस" असें ऐकण्याची पाळी त्याच्यावर येते. गोंडाच्या मुलाला भाषा वेगळी म्हणून हिणवावयाचें, आंधाच्या मुलावर ती वेगळी नाहीं म्हणून संशय घ्यावयाचा. परीक्षक दोन्हीकडे एकच.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मोहगांव नांवाचें खेडें आहे. तेथील ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय राज्यांनीं करावी, असें राज्यघटनेच्या ३५०-क कलमांत म्हटलें आहे. ग्रामसभेनें त्याचा आधार घेतला. शिक्षणखात्यानें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यावर बोट ठेवून शाळा अनधिकृत ठरविली, आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेला. मारलवाईची शाळा सरकारनें काढली होती, आणि सरकारें बदलतांच तिची गोंडी गेली. मोहगांवची शाळा गांवानें काढली आहे, आणि ती चालू ठेवण्यासाठीं न्यायालयाची पायरीहि गांवानेंच चढली.