बेने इस्राएल मंडळी, कोकणातील

कोकण किनाऱ्यावरील मराठीभाषक ज्यू समाजाने उपासना, सणवार, तंटेबखेडे आणि अडल्यानडल्याची मदत यांसाठी गावोगाव उभारलेली व्यवस्था. समाजात तिला ‘जमात’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरची बाणकोटची खाडी ओलांडली, की श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रेवदंडा, अलिबाग, पोयनाड, पेण, पनवेल हा या समाजाचा मूळ मुलूख लागतो. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आडनावे त्याच मुलखातल्या गावांवरून पडली आहेत. ज्यू मंडळी म्हटली, की सिनेगॉगची इमारत डोळ्यांपुढे येते आणि बहुतेक लेखन इमारतीपासूनच सुरू होते. कोकणातला क्रम मात्र उलटा आहे. येथे जमात आधी नांदत होती, इमारत पुष्कळ नंतर आली. या मंडळीचे स्वरूप आणि तिचा आजचा प्रश्न समजण्यासाठी हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ही घटना कोणत्या शतकातली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. धर्मग्रंथ, प्रार्थनागृह आणि शिकलेले धर्मगुरू यांच्याविना या समाजाने कित्येक पिढ्या काढल्या, हे मात्र सर्वमान्य आहे. त्या काळात टिकले ते घरात पाळता येण्याजोगे आचार : आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, निषिद्ध अन्न वर्ज्य करणे, आणि ‘शमा’ ही एकेश्वराची घोषणा. तेलाचा घाणा हा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद राही म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सणही घरातच रुजले होते. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण यांत स्वयंपाकघर मुख्य. दारफळणीच्या उपवासाला घराचे दार दिवसभर लावून घेत. दावीद राहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू गृहस्थांनी या लोकांना ज्यू म्हणून ओळखले आणि त्यांतल्या तीन जणांना धर्मविधी शिकवून काजी नेमले, अशीही परंपरा आहे. हे काजी गावोगाव फिरून लग्ने लावत, सुंता करत, तंटे मिटवत. म्हणजे धर्माधिकार होता, पण तो एखाद्या वास्तूत नव्हता. काजीबरोबर तो गावोगाव हिंडत होता.

समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले तेही कोकणच्या गावात नव्हे, मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये ‘शआर हारहामिम’ बांधले. कोकणातली सिनेगॉग त्यानंतर साधारण अर्ध्या शतकाने आली : रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. फौजेतल्या आणि सरकारी नोकरीतल्या मिळकतीने आलेली ऐपत, कोचीनहून आलेले शिक्षक आणि हज्जान (प्रार्थना चालवणारे), तसेच मिशनऱ्यांच्या शाळांमुळे वाढलेली अक्षरओळख यांचे हे फळ होते. जॉन विल्सन यांचे मराठीतून हिब्रू शिकवणारे व्याकरण १८३२ मध्ये निघाले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी ती विद्या स्वधर्म पक्का करण्यासाठी वापरली. इमारतीबरोबर कारभारही बांधीव झाला. मुकादम हा जमातीचा प्रमुख, चौगुला त्याचा साहाय्यक, गबाईकडे हिशेब, हज्जानाकडे प्रार्थना, शमाशाकडे दिवाबत्ती आणि देखभाल. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचा हेखाल, आणि मधोमध प्रार्थना चालवण्याचा कठडेबंद मंच, तेवा, अशी आतली रचना असते.

यावर असा आक्षेप येतो, की सिनेगॉग आणि हिब्रू ग्रंथ आले नसते तर हा समाज शेजारच्या जातींत विरून गेला असता. तेव्हा इमारतीला दुय्यम मानणे चूक आहे. यातला निम्मा भाग खरा आहे. सार्वजनिक प्रार्थना, तोराचे वाचन आणि जगातल्या इतर ज्यूंशी नाते हे सिनेगॉगने दिले. घराला ते देता आले नसते. परंतु शिकवायला कोचीनचे लोक आले तेव्हा शिकणारी जमात हजर होती. जे आधीच विरले असते त्याला कोणत्याही हज्जानाने जागे केले नसते. शिवाय नवी विद्या आली म्हणून जुने घरगुती विधी गेले नाहीत. एलियाहू हन्नबीच्या नावाने होणारी मलिदा हा त्याचा पुरावा आहे. पोहे, खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून स्तोत्रे म्हणायची, आशीर्वाद म्हणून प्रसाद वाटायचा. लग्न, नवस, गृहप्रवेश, कोणत्याही मंगल प्रसंगी ती होते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जेथे एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या असे मानतात, तेथे लोक आजही मलिदेसाठी जमतात. हा विधी शेजारधर्मांची उसनवारी आहे, असे काही जण म्हणतात. ताटाची मांडणी कोकणी आहे खरी. पण आशीर्वचने हिब्रू आहेत आणि आवाहन एका ज्यू प्रेषिताचे आहे. कीर्तनाचेही तेच. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायबलमधल्या कथा मराठी कीर्तनाच्या घाटात बसवल्या, आणि ज्यांना हिब्रू येत नव्हते त्या श्रोत्यांपर्यंत धर्म पोचवला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही जमात सगळ्यांची नव्हती. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद होता. ज्यांच्या वंशात बाहेरच्या समाजातली आई मानली जाई त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार होत नसे. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत स्त्रियांची गणना होत नसे. हे नाकारण्याचे कारण नाही, आणि जुन्या जमातीचे वर्णन आदर्श ग्राम म्हणून करणे अप्रामाणिक ठरेल. त्याच बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीवर इस्राएलमधल्या धर्मपीठाने १९६० नंतरच्या वर्षांत शंका घेतली, तेव्हा समाजाने लढा दिला आणि १९६४ मध्ये पूर्ण समान दर्जा मान्य करून घेतला. वंशाच्या कसोटीने माणूस कसा दुखावतो हे या समाजाने दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. आणि स्त्रियांना गणनेत जागा नव्हती तरी सणांचा स्वयंपाक, मेंदी, मलिदेची तयारी आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांच्याच हाती होते. ग्रंथांविना गेलेल्या काळातले सातत्य मुख्यतः त्यांनी राखले.

१९४८ नंतर इस्राएलकडे स्थलांतर वाढले. १९५० च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज पाच हजारांहून कमी आहे आणि त्यातले बहुतेक जण मुंबई-ठाण्यात राहतात. कोकणातल्या पुष्कळ सिनेगॉगांत दहा प्रौढ पुरुष एरवी जमत नाहीत. सणाला शहरातून माणसे आली तरच पूर्ण प्रार्थना होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. वारसा म्हणून इमारतींची डागडुजी व्हावीच. पण जमात इमारतीच्या आधीची असल्याने तेवढ्याने ती जपली जाणार नाही. मराठी स्तोत्रे, कीर्तने, सणांचे पदार्थ आणि विधी जाणणारी माणसे कोकणात, मुंबईत आणि इस्राएलमध्ये अजून आहेत. त्यांच्याकडचे ज्ञान त्यांच्याच तोंडून नोंदवून घेणे हे मराठी संस्थांचे काम आहे, आणि ते याच पिढीत झाले पाहिजे.