पडद्यावरचा निन्जा

बेळगाव-निपाणी भागात नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी मुले वाढली, त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची ती बहुधा स्वस्त नक्कल असे. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात तेच ते पुन्हा निघत. त्या गर्दीत हात्तोरी नावाचा एक बुटका निन्जा भेटे. १९८६ सालच्या या खेळात मधूनच त्याचा बाप काही नळकांडी फेकी आणि ती झेलायची असत. ते ‘चिकुवा’ नावाचे माशाचे खाद्य आहे, हे इकडे कोणाला ठाऊक असणार! पुढे हाच हात्तोरी दूरचित्रवाणीवर हिंदी बोलू लागला. आज नातवंडांना जपानातला इगा प्रांत ठाऊक असतो, बहिर्जी नाईक मात्र पाठ्यपुस्तकापुरता, अशी खंत आपल्या घराघरांतून ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु या खेळांनी खुद्द जपानी हेराचे तरी काय केले, हे पाहणे आम्हाला अधिक उद्बोधक वाटते.

निन्जाला जुने नाव ‘शिनोबी’. इगा आणि कोगा ही त्यांची माहेरघरे. त्यांच्या विद्येचा ‘बान्सेन्शुकाई’ हा बृहद्ग्रंथ १६७६ सालचा, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी सिद्ध झालेला. आणखी दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, कर्नाटकातून परतणाऱ्या मराठी फौजेने आपल्या बेलवडीच्या गढीला वेढा घातला होता. या ग्रंथात हेरगिरीचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक ‘इन’, अंधारात लपून शिरण्याचा. दुसरा ‘यो’, वेषांतर करून राजरोस वावरण्याचा. लढाई हे या विद्येचे साध्य नव्हे. बातमी घेऊन जिवंत परतणे हे साध्य.

पडद्यावर नेमके उलटे घडले. १९८५ चा ‘लेजंड ऑफ कागे’, १९८७ चा ‘शिनोबी’, १९८८ चा ‘निन्जा गायडेन’: सर्वत्र धावणारा, उड्या मारणारा, दिसेल त्याला कापणारा वीर. याचे कारण आम्हाला खेळाच्या अर्थशास्त्रात दिसते. हे खेळ वाढले ते नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर. तिथे दुकानदाराला दर दोन-चार मिनिटांनी नवे नाणे हवे असते. कौलावर तासभर निपचित पडून राहणारा हेर त्याच्या काय कामाचा? शिवाय वार लागला की नाही हे यंत्राला मोजता येत होते. आपण कोणाच्या नजरेस पडलो की नाही, हे मोजण्याची युक्ती अजून रुळायची होती.

ती युक्ती निन्जाच्या खेळात ठसठशीतपणे आली १९९८ च्या ‘तेन्चू’मध्ये. रिकिमारू आणि आयामे हे त्यातले दोन हेर. पहारेकरी किती जवळ आहे आणि त्याला संशय आला आहे का, हे पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा व खूण सांगत. दोराच्या आकड्याने छपरावर चढावे, भिंतीला चिकटून कोपऱ्यापलीकडे डोकवावे, विषारी भात वाटेत ठेवून पहारेकऱ्याला फसवावे. शेवटी जी श्रेणी मिळे, ती न दिसण्यावर अवलंबून असे. खेळणाऱ्याने वाट पाहावी, अशी अपेक्षा हा खेळ धरतो. ती आम्हाला फार मोलाची वाटते. २०१२ च्या ‘मार्क ऑफ द निन्जा’ने तर पावलांचा आवाज वर्तुळे काढून डोळ्यांना दाखवला. २०१० च्या ‘फ्रूट निन्जा’त फळे कापण्यापलीकडे काही नाही, त्याला निन्जा का म्हणावे, हे कलिंगडालाच ठाऊक. २०२५ च्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मध्ये ओदा नोबुनागाच्या फौजांनी उद्ध्वस्त केलेल्या इग्याची नाओए ही तरुणी दिवे विझवून अंधार करते.

म्हणजे चाळीस वर्षांत ‘इन’ साधले. ‘यो’ मात्र बहुतांशी बाहेरच राहिला. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक येतो तो सुरतेची खबर घेऊन. तलवारीचा पराक्रम त्याच्या नावे तिथे नाही. लोककथेतला बहिर्जी फकीर होतो, गोसावी होतो, आणि वेषाबरोबर त्याला बोलीही पालटावी लागत असणार. ती कसोटी बटणांच्या खेळात कशी आणावी? आपल्या सीमाभागात तिची अडचण कोणालाही कळेल. इथे मराठी-कानडी दोन्ही येऊन भागत नाही. दोहोंची इथली सरमिसळ यावी लागते. निपाणीच्या बाजारात वेष अगदी बिनचूक केलेली एखादी परकी हेरीण निघताना ‘मी येते’ म्हणाली, की शेजारच्या म्हातारीने ओळखलेच. इथल्या जुन्या बायका ‘मी येतो’ म्हणतात.