खांद्याचा वेढा

इतिहासात तलवारीला मान, घोड्याला मान. खांद्याला कोण विचारतो? आता आमचा पन्हाळाच घ्या. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तो चार महिने हलेना. शेवटी जुलैतल्या पावसाळी रात्री महाराज पालखीतून निसटले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला आणि मरणाला सामोरा गेला. विशाळगड सुमारे साठ किलोमीटर, पायाखाली चिखल, पाठीवर शत्रू! त्या पालख्या वाहणाऱ्यांची नावे तुम्हाआम्हाला पाठ नाहीत. भोयांचा 'खांदेपालट' हा शब्द मात्र मंत्र्यांनी पळवला.

गडावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे. दोन्ही हातांत शस्त्रे. पोरे शौर्य पाहतात. मी खांदे पाहतो. कारण माझा डावा हात आठ महिने झाले, खुंटीवरच्या सदऱ्यापर्यंत पोचत नाही.

या दुखण्यालाही इतिहास आहे बरं का! १८७२ साली द्युप्ले नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने त्याचे वर्णन केले. १९३४ साली बोस्टनच्या डॉ. कॉडमनने त्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हटले. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते, आकसते. गिऱ्हाईक बहुधा चाळीस ते साठीतले. बायका जास्त, मधुमेहवाल्यांवर विशेष लोभ. आधी ठणका, मग आखडणे, मग हळूहळू सुटका. एकूण एक ते तीन वर्षे. म्हणजे मुदत ठेवच, फक्त मुदतीआधी मोडता येत नाही आणि व्याज रोज रात्री, त्या कुशीवर वळले की जमा!

डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिले, ठणका उतरला. पण वेढा इंजेक्शनने उठत नाही, म्हणाले; व्यायाम हवा. टेबलावर ओणवे होऊन हात लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढायचे. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी कडा चढून पन्हाळा घेतला. माझी दोनच बोटे. गेल्या महिन्यात कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोचली. घरात पेढे वाटले नाहीत एवढेच.

मधे शेजारचे अण्णा गेले. तीस वर्षांचा शेजार. तिरडी उचलायला मी पुढे झालो, तर धाकट्याने मला हळूच बाजूला केले आणि स्वतः वाकला. कालपर्यंत माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघणारे पोर! कुणी काही बोलले नाही.

मंत्रिमंडळाबाहेरही खांदेपालट होतो, बघा.