रविवार कोणी दिला?

उन्हाळ्यात चौपाटीवर जावे, राणीच्या बागेत पोरांना हिंडवावे, रात्री सिनेमा गाठावा, यात आपल्याला नवल वाटत नाही. परंतु श्रोतेहो, मुंबईच्या गिरणी कामगाराला एके काळी साप्ताहिक सुट्टीच नव्हती! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ती मागितली; १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लागला. रविवार नसता तर कामगाराने तो पाहावा तरी कधी?

तमाशा हलका, सिनेमा सवंग, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडत नाही. आवड ज्याची त्याची. आमचे म्हणणे एवढेच, की करमणुकीआधी फुरसत लागते आणि ती झगडूनच मिळते. आज आपल्या दारी जेवण पोचविणारा पोरगा रविवारीच अधिक राबतो. त्याचा रविवार कोणता?