१ जून: रिकाम्या रकान्याचा वाढदिवस

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. एका अ‍ॅपच्या ग्राहकांच्या जन्मतारखांचा आलेख काढायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभराचे दांडे साधारण सारख्याच उंचीचे आणि मधेच १ जूनचा दांडा, सपाट माळावर मोबाइलचा टॉवर उभा असावा तसा. टीममधली सीनियर बाहेरच्या राज्यातली. ती म्हणाली, "डेटा खराब आहे. डिफॉल्ट व्हॅल्यू पडली असणार, साफ करून टाक."

मी म्हटलं, "साफ कसं करू? त्यात माझे वडील आहेत."

तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, एखादा १ जूनवाला सापडेलच. पण हा दिवस नुसता माणसांचा नाही. जागतिक दूध दिन याच दिवशी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तो २००१ मध्ये सुरू केला. आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १ जूनला तीन मोठे वाढदिवस येतात.

पहिला प्रभातचा. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज एफटीआयआय आहे. गंमत म्हणजे कंपनी सुरू झाली त्याच दिवशी कोलकात्यात नर्गिस जन्मली.

दुसरा डेक्कन क्वीनचा. १ जून १९३० रोजी ती पहिल्यांदा धावली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी आणि एक निळी. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला या राणीत चढायला १९५५ पर्यंत थांबावं लागलं. आजही दर १ जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी तिच्यासाठी केक कापतात.

तिसरा एसटीचा. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दोघांची नावंसुद्धा आपल्याला माहीत आहेत.

म्हणजे कंपनीची तारीख पक्की, गाडीची पक्की, बसचीही पक्की. पण त्या बसच्या रस्त्यावरच्या गावांत तेव्हा जी पोरं जन्मत होती, त्यातल्या कितीतरी जणांच्या तारखा कुठेच लिहिल्या जात नव्हत्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदाच मुळी १९६९ चा. आणि कायदा झाला म्हणून कागद लगेच वाडीवस्तीवर पोचत नाही.

शाळेच्या रजिस्टरात मात्र जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवून चालत नसे. आमच्या भाषेत सांगायचं तर फील्ड 'रिक्वायर्ड' होतं. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पहिलीत बसवायला सहा वर्षं पुरी लागायची. मग गुरुजी पोराकडे बघून अंदाजाने वर्ष ठरवत आणि पुढे १ जून लिहीत. कुणाला हरकत घ्यायला जागाच उरत नसे. कम्प्युटर तारीख माहीत नसली की १ जानेवारी १९७० दाखवतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे प्रोग्रॅम गुरुजींच्या हातात होता.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. वडिलांच्या दाखल्यावर १ जून १९६७ आहे. आजीला मी एकदा खरा दिवस विचारला. ती म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला त्या साली. पोळ्याची आवस सुटली अन् दुसऱ्या दिवशी उजाडताना. आवसंत होतंय का काय, म्हणून सासूबाईंचा जीव टांगणीला."

एवढी माहिती मला पुरेशी होती. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्या वर्षीची श्रावणातली अमावास्या ४ सप्टेंबरला संपली. म्हणजे वडिलांचा जन्म ५ सप्टेंबरचा, शिक्षक दिनाचा. आणि माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक! नोकरीभर पोरांनी त्यांना खऱ्या वाढदिवसालाच फुलं दिली, आणि ते ना पोरांना माहीत होतं, ना त्यांना.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र कडू आहे. निवृत्ती ५८ व्या वर्षी, आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे वडील ३१ मे २०२५ ला घरी बसले. खऱ्या तारखेने ३० सप्टेंबर उजाडला असता. चार महिन्यांचा पगार एका गुरुजींच्या अंदाजात गेला.

मी चिडून म्हटलं, "असं कसं कुणीही काहीही लिहितं?"

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी पण लिहिलंय की. ऊसतोडीवाल्यांची पोरं यायची. आईबाप कारखान्यावर, पोरगं आजीबरोबर दारात उभं. कागद एक नाही. तारीख आणा म्हणून परत पाठवलं असतं, तर ते पुन्हा आलंच नसतं. लिहिली १ जून, घेतलं आत."

तेव्हापासून तो आलेख मला वेगळा दिसतो. त्या उंच दांड्यात चुका आहेत, कुणाचे बुडालेले पगार आहेत. पण दारातून परत न पाठवलेली माणसंही त्यातच आहेत. हा दांडा आता हळूहळू खाली येईल. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. चांगलंच आहे. फक्त दाखला नसलेलं एखादं पोर उद्या दारात आलं, तर गुरुजींच्या हातात काय उरलंय, हा प्रश्न राहतो.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, १ जूनला, सकाळीच वडिलांचा फोन वाजला. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, आता ट्रक चालवतो.

"गुरुजी, हॅपी बर्थडे!"

वडील हसले. म्हणाले, "तुलापण, बाळा."